गाडीला लिफ्ट बसवल्यावर पुढून खट्, मागून धप्प: आवाजाचं मूळ कसं शोधायचं?

संत्रानगरी_पिकअप

नमस्कार मंडळी. गाडी इसुझू व्ही-क्रॉस, २०१९ ची, फोर बाय फोर, पासिंग एमएच-४०. उंची वाढवायला लिफ्ट किट बसवलं आहे: पुढे स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावर २५ मिमीचे स्पेसर, मागे पाट्याखाली (कमानीच्या स्प्रिंगखाली) ३८ मिमीचे ब्लॉक आणि नवे लांब यू-बोल्ट. शॉकअप जुनेच आहेत, टायर कंपनीच्याच मापाचे. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत मोजलं तर पुढे ४४ मिमी वाढ झाली, मागे ३८. त्यानंतर ७०० किमी चालली. निम्मं अंतर नागपूर शहरातले सिमेंट रस्ते आणि रिंग रोड, निम्मं उमरेडकडचा कच्चा रस्ता.

आता तीन आवाज येऊन राहिले आहेत.

पहिला, पुढून डावीकडे "खट्". स्पीडब्रेकरवरून चाकं खाली उतरताना येतो, चढताना नाही. वेग १०-१५ च्या आत असला की स्पष्ट ऐकू येतो.

दुसरा, पुढूनच "करकर". उभ्या गाडीचं बोनेट दाबलं तरी येतो. सकाळी जास्त, दुपारी उन्हात जवळजवळ नाहीच.

तिसरा, मागून "धप्प". पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना एकदा, रिव्हर्स टाकून निघताना पुन्हा एकदा. त्याच्याच जोडीला २० ते ३५ च्या वेगात, ॲक्सिलरेटर दिलेला असताना, सीटखाली थरथर जाणवते.

ज्यांनी लिफ्ट बसवली ते म्हणाले की स्टॅबिलायझरच्या (गाडी झुकू न देणाऱ्या आडव्या बारच्या) लिंक गेल्या. दोन्ही नव्या टाकल्या, आवाज जसाच्या तसा. आता शॉकअप बदला म्हणून राहिले. उगीच पार्ट बदलत बसायचं नाही. माझ्याकडे ट्रॉली जॅक, गाडी टेकवायच्या दोन घोड्या, २१० न्यूटन-मीटरपर्यंतचा टॉर्क पाना, टॉमी आणि बऱ्यापैकी सॉकेट सेट आहे. घरी काय तपासता येईल आणि कोणत्या क्रमाने? पुढच्या आठवड्यात चिखलदऱ्याला जायचं आहे, तोवर गाडी चालवावी का?

---

पाटाकमान

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. मागचे यू-बोल्ट तपासल्याशिवाय चिखलदऱ्याच्या घाटात जाऊ नका. बाकीचे दोन आवाज त्रासदायक आहेत, हा तिसरा धोक्याचा असू शकतो.

तुमच्या गाडीत पाटे ॲक्सलच्या वर आहेत, म्हणजे ब्लॉक पाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये बसला. ब्लॉकला एका बाजूला खुंटी असते, दुसऱ्या बाजूला भोक. खुंटी ॲक्सलवरच्या पॅडच्या भोकात जायला हवी आणि पाट्यांच्या सेंटर बोल्टचं डोकं ब्लॉकच्या भोकात. यातलं एक जरी नीट बसलं नसेल, खुंटी भोकाच्या काठावर टेकलेली असेल किंवा मध्ये रंगाचा जाड थर नाहीतर माती राहिली असेल, तर यू-बोल्ट आवळताना पाना घट्ट लागतो आणि सगळं पक्कं झाल्यासारखं वाटतं. मग शे-दोनशे किमीत ब्लॉक आपल्या जागी सरकतो, दोन-तीन मिमी बसतो आणि तेवढेच यू-बोल्ट सैल होतात. त्यानंतर क्लच सोडला की ॲक्सल किंचित पुढे, रिव्हर्स टाकला की किंचित मागे. तोच तुमचा धप्प असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त वाटते.

गाडी सपाट जागी, चारही चाकं जमिनीवर, पुढच्या चाकांना दोन्हीकडून उटी लावून. हे पाहा:

ब्लॉकच्या वरच्या आणि खालच्या सांध्याभोवती रंग घासून धातू चकाकतो आहे का, किंवा लालसर तांबूस पूड जमली आहे का. ही पूड म्हणजे दोन धातू एकमेकांवर घासल्याची खूण. नुसता गंज असा भुकटीसारखा सांध्यातून बाहेर येत नाही.

पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या बोल्टच्या मध्यापासून ॲक्सल नळीच्या ठरावीक बिंदूपर्यंत टेपने मोजा, डावीकडे आणि उजवीकडे. फरक २-३ मिमीच्या आत हवा. त्याहून जास्त असेल तर ॲक्सल तिरका बसला आहे.

यू-बोल्टच्या नटांबाहेर दोन्ही पायांचे आटे सारखे दिसतात का. एक पाय १५ मिमी बाहेर आणि दुसरा ५ मिमी, असं असेल तर आवळताना एकाच बाजूने ओढलंय.

मग नटांना टॉर्क पाना लावा. पहिल्याच तपासणीत टॉर्कच्या आकड्याच्या बराच आधी नट फिरायला लागला, तर नुसता आवळून सोडून देऊ नका. सगळं सोडा, ब्लॉक काढा, पॅडचं भोक आणि सेंटर बोल्टचं डोकं वायर ब्रशने साफ करा, खुंटी हाताने पूर्ण बसते का ते बघा, मगच परत जोडा. आवळायचं फुलीच्या क्रमाने, म्हणजे एका कोपऱ्यातला नट झाला की समोरच्या तिरक्या कोपऱ्यातला. आधी किटच्या टॉर्कच्या एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. शेवटची फेरी चाकं जमिनीवर टेकवून. टॉर्कचा आकडा किटसोबतच्या कागदावरचा घ्या, कारण यू-बोल्टची जाडी आणि आट्याचा पिच किटप्रमाणे बदलतो. एकदा पूर्ण ताणलेले यू-बोल्ट काढून परत वापरत नाहीत. त्यांचे आटे ताणलेले असतात, पाना टॉर्क दाखवतो पण पकड तेवढी येत नाही. त्यामुळे ब्लॉक काढावाच लागला तर नवा सेट आधी आणून ठेवा. वाडीच्या बाजूला कमानीचं काम करणारे मापाने वाकवून देतात. नेताना जुना यू-बोल्ट सोबत न्या: जाडी, आतली रुंदी, पायाची लांबी आणि वरचा आकार गोल की चौकोनी, या चारही गोष्टी जुळायला हव्यात.

दोन ब्लॉक एकावर एक ठेवले असतील तर ते आजच काढा.

थरथरीबद्दल यू-बोल्टचं काय निघतं ते कळल्यावर बोलू. ॲक्सल हलतो आहे तोवर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागच्या ॲक्सलला जोर नेणाऱ्या दांड्यांचे) कोन मोजण्याला अर्थ नाही.

---

टॉर्कपाना

पुढच्या दोन आवाजांबद्दल लिहितो.

लिंक बदलून फरक पडणार नव्हता, हे तुमच्या वर्णनातूनच दिसतं. स्टॅबिलायझर बार डावं आणि उजवं चाक वेगवेगळं हललं तरच पिळला जातो. सरळ स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकत्र चढतात आणि एकत्र उतरतात, बार फक्त आपल्या डी-बुशमध्ये (त्याला धरणाऱ्या रबरात) फिरतो, लिंकवर भार जवळजवळ नसतो. लिंक सैल असती तर आवाज एका चाकाखाली खड्डा आल्यावर, किंवा कच्च्या रस्त्यावर गाडी डुलताना जास्त आला असता. खात्री हवीच असेल तर दोन्ही लिंक सोडा, बार तारेने वर बांधा आणि त्याच ब्रेकरवरून १५ च्या वेगाने जा. दोन्ही सोडायच्या. एकच सोडली तर मोकळं टोक हापटून नवाच आवाज काढतं. बार सोडलेला असताना गाडी वळणात जास्त झुकते, म्हणून ही चाचणी रिकाम्या सरळ रस्त्यावर, ३० च्या आत.

"उतरताना खट्" म्हणजे चाक खाली लोंबकळण्याच्या टोकाला काहीतरी आदळतंय किंवा काहीतरी सैल आहे. इथे स्पेसर कोणत्या प्रकारचा ते महत्त्वाचं. स्प्रिंग आणि तिच्या बैठकीच्या मध्ये बसणारा स्पेसर असेल, तर शॉकअपची पूर्ण लांबी तीच राहते पण गाडी उंच उभी राहते, म्हणजे खाली जायला उरलेलं अंतर कमी होतं. ब्रेकरवरून उतरताना शॉकअप आतून पूर्ण ताणला जातो आणि ठोका बसतो. तुमचा स्पेसर स्ट्रटच्या डोक्यावर आहे, त्यामुळे अख्खा स्ट्रटच खाली आला. शॉकअपच्या आतली जागा बदललेली नाही, पण चाक पूर्ण लोंबकळलं की खालचा आर्म पूर्वीपेक्षा जास्त खाली जातो. वरचा आर्म आणि स्प्रिंग यांच्यातली फट कमी होते, बॉल जॉइंट आणि हाफ शाफ्टचे (पुढच्या चाकांना जोर नेणाऱ्या दांड्यांचे) जॉइंट जास्त वाकतात. म्हणून शॉकअप बदलायचा सल्ला मी आत्ता तरी मानणार नाही. शॉकअपच्या नळीवर तेल ओघळलेलं नसेल तर त्याला हात लावू नका.

पुढचा डावा कोपरा जॅकवर घ्या, चेसिसखाली घोडी लावा, चाक काढा आणि सस्पेन्शन पूर्ण लोंबकळू द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही.

आता वरचा आर्म आणि स्प्रिंग यांच्यात बोट सरकतं का पाहा. सरकत नसेल किंवा स्प्रिंगच्या रंगावर ताजा चट्टा असेल तर खट् तिथला. शंका राहिली तर मुलांच्या खेळण्यातली रंगीत चिकणमाती मिळते ती ५-६ मिमी जाडीची पट्टी करून आर्मच्या आतल्या कडेला, आर्मच्या थांब्याच्या रबरावर आणि बारजवळ चिकटवा. चाक लावून ब्रेकरवरून चार वेळा जा, परत बघा. जिथे चपटी झाली तिथे धातू पोहोचतो. यापेक्षा स्वस्त आणि स्पष्ट पुरावा नाही.

मग स्पेसरचं बोल्टिंग. स्ट्रटच्या वर तीन स्टड असतात. ते आता स्पेसरला जोडले गेलेत आणि स्पेसरचे स्वतःचे बोल्ट टॉवरला (स्ट्रट वरून जिथे बसतो त्या चेसिसच्या भागाला). जुन्या स्टडची टोकं नटाच्या वर किती उरतात ते पाहा. पुष्कळ किटमध्ये ती टोकं कापावी लागतात. नाही कापली तर टोकं टॉवरच्या पत्र्याला आधी टेकतात आणि स्पेसर पूर्ण बैठक घेत नाही. चाक खाली गेलं की ठोका, वर आलं की गप्प. फटीत ०.२ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) घालून पाहा. भोवताली कुठेही ती आत जाता कामा नये.

करकर बहुतेक खालच्या आर्मच्या बुशची (सांध्यातल्या रबराची) आहे. सकाळी जास्त आणि उन्हात कमी, हे रबराचं लक्षण. नागपुरातल्या उन्हात रबर मऊ पडतं आणि आवाज दबतो, त्यामुळे ही तपासणी पहाटे, गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतरच करा.

कारण असं: या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आतली नळी बोल्टने कानांत घट्ट दाबली जाते, ती फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबरच पिळतं. लिफ्ट बसवताना गाडी रॅम्पवर, चाकं लोंबकळत असताना हे बोल्ट आवळले, तर त्या खालच्या स्थितीत रबर सैल आणि गाडी जमिनीवर उभी असताना कायम पिळलेलं. ते करकरतं, आणि काही महिन्यांत कडेला फाटतं. गॅरेजमध्ये हे फार होतं, कारण रॅम्पवरच सगळं आवळून टाकणं सोपं पडतं.

उपाय फुकट आहे. आर्मच्या मुळाशी कॅमचे बोल्ट असतात, त्यांच्या वॉशरवर आणि चेसिसवर मिळून रंगाची एक बारीक रेघ मारा, नाहीतर कॅम्बर-कॅस्टर (पुढच्या चाकांचे ठरलेले कोन) हरवेल. गाडी चाकांवर, स्टिअरिंग सरळ. आर्मच्या मुळाचे बोल्ट आणि स्ट्रटच्या खालच्या डोळ्याचा बोल्ट अर्धा ते एक फेरा सैल करा. बंपर दहा-बारा वेळा दाबा, गाडी २-३ मीटर पुढे-मागे ढकला. मग रेघ जुळवून पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा. चाकं जमिनीवर असताना हात पोहोचत नसेल, तर चाकाच्या मध्यापासून फेंडरपर्यंतचं उभ्या गाडीचं माप आधी लिहून ठेवा, गाडी घोडीवर घ्या आणि खालच्या आर्मखाली जॅक लावून ते माप परत येईपर्यंत उचला. त्या स्थितीत आवळा.

कोणता बुश करकरतो ते ठरवायला पाण्याची फवारणी पुरते. एका बुशवर पाणी मारा, बोनेट दाबा. आवाज बंद झाला तर तोच. नाही झाला तर पुढच्यावर. इंजिन ऑइल किंवा डिझेल मारू नका, रबर फुगून सडतं.

हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट लागेलच. लिफ्टनंतर करून घेतली होती का, ते तुम्ही लिहिलं नाही.

---

काळीमाती_४४०

वरच्या दोघांचं पटलं. दोन-तीन गोष्टी जोडतो.

सगळ्यात आधी गाडीचं पोट धुवा. उमरेडकडच्या कच्च्या रस्त्यावरची काळी माती पावसानंतर शॅकलमध्ये (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीत) आणि पाट्यांच्या फटीत भरते आणि वाळली की विटेसारखी होते. शॅकल मोकळा फिरत नाही, अडकून एकदम सुटतो आणि ठोका देतो. त्यात रंग घासल्याच्या खुणाही दिसत नाहीत. धुऊन, वाळवून, मग टॉर्च घेऊन खाली जा.

मग पाच मिनिटांत संपणारी कामं: डाल्याखाली टांगलेलं स्टेपनी चाक हाताने हलवा, साखळी सैल असेल तर तेही अगदी धप्प असंच वाजतं. सायलेन्सरचे रबर, डाल्यातली जॅकची दांडी, मडफ्लॅप. हँडब्रेकची केबल आणि ब्रेकचा होस नव्या उंचीत कुठे टेकतात का.

हाफ शाफ्टसाठी मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल फिरा, डावीकडे आणि उजवीकडे. टिकटिक आली तर बाहेरचा जॉइंट. फोर व्हील जोडलेलं नसलं तरी हाफ शाफ्ट चाकाबरोबर फिरतोच, त्यामुळे "फोर बाय फोर वापरलं नाही" म्हणून तो सुटत नाही. जॉइंटवरच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासतात का तेही पाहा. बूट फाटला की आपल्याकडची धूळ ग्रीसमध्ये मिसळते आणि जॉइंट खाऊन टाकते.

सांध्यांचा खेळ (सैलपणा) तपासायला जॅक खालच्या आर्मखाली लावा, चेसिसखाली नाही. तुमच्या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर आहे, तेव्हा आर्म उचलल्यावरच बॉल जॉइंट मोकळा होतो आणि त्याचा खेळ कळतो. चाक घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून हलवा: खेळ असेल तर बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग. कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीसा झाला तर बेअरिंग, राहिला तर बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ ला धरा: स्टिअरिंगचा टाय रॉड एंड किंवा रॅक.

ऐकण्यासाठी शहरातले सिमेंट रस्ते कामाचे आहेत. त्यांचे सांधे ठरावीक अंतरावर येतात, म्हणून एकाच वेगात ठोका एकाच तालात पडतो आणि बदल लगेच कळतो. पहाटे रस्ता रिकामा असताना, २५-३० च्या वेगात, काच खाली करून, दुभाजकाच्या भिंतीलगत चाला. भिंतीवरून आवाज परत येतो, कुठल्या चाकाचा ते पकडता येतं. फोन पिशवीत घालून चेसिसला बांधा, रेकॉर्डिंग लावा, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे. आतून ऐकताना चेसिस आवाज फिरवते, डावीकडचा ठोका मधून आल्यासारखा वाटतो.

पाटे कुईकुई करत असतील तर त्यांच्यात तेल घालू नका. तेल धूळ धरून ठेवतं आणि आठ दिवसांत ते घासकागदासारखं होतं. धुऊन कोरडा ग्रॅफाइट स्प्रे मारा आणि पाट्यांच्या टोकांमधले प्लॅस्टिकचे तुकडे झिजले असतील तर बदला.

---

संत्रानगरी_पिकअप

मंडळी, सगळ्यांचे आभार. दोन दिवस लावून तुम्ही सांगितल्या क्रमानेच तपासलं. अलाइनमेंट लिफ्टनंतर केलेली नव्हती.

मागे: डाव्या ब्लॉकच्या खालच्या सांध्याला तांबूस पूड होती. माप डावीकडे उजवीपेक्षा ६ मिमी जास्त. किटच्या कागदावरचा टॉर्क लावला तर डावीकडचे चारही नट अर्धा ते पाऊण फेरा फिरले, उजवीकडचे जेमतेम हलले. डावा ब्लॉक काढला. खुंटीचा काठ चेपलेला आणि पॅडच्या भोकात रंगाचा जाड कडक थर. भोक साफ केलं, ब्लॉक नवा घेतला, यू-बोल्ट दोन्हीकडचे नवे. आता फरक १ मिमी. धप्प पूर्ण गेला.

पुढे: चिकणमाती कुठेच चपटी झाली नाही. पण डाव्या स्पेसरच्या वर एका बाजूला फीलर पट्टी आरामात जात होती. दोन स्टडची टोकं कापलेलीच नव्हती. कापून, कानशीने कडा मोडून परत बसवलं. खट् गेला. आर्मचे बोल्ट सैल करून जमिनीवर आवळले, सैल करताना डावीकडे "टण्" असा आवाज येऊन आर्म किंचित सरकला. करकरही गेली.

थरथर मात्र तशीच आहे. फोनवरच्या कोनमापकाने, गाडी सपाट जागी चाकांवर असताना मोजलं. सगळे उतार मागच्या बाजूला खाली जाणारे: गिअरबॉक्सचा आउटपुट ३.५ अंश, पुढचा शाफ्ट ४.५, मागचा शाफ्ट ८, पिनियन (मागच्या ॲक्सलचं शाफ्टला जोडलेलं तोंड) २. क्रॉसमध्ये (शाफ्टच्या सांध्यांत) हाताला खेळ लागत नाही. दोन शाफ्टच्या मधल्या सेंटर बेअरिंगचं रबर कुठे फाटलेलं दिसत नाही.

---

पाटाकमान

छान मोजलंत, यातच उत्तर आहे.

सांध्यावरचा कोन म्हणजे शेजारच्या दोन उतारांचा फरक. पुढच्या क्रॉसवर ४.५ वजा ३.५, म्हणजे १ अंश, उत्तम. मधल्या क्रॉसवर ८ वजा ४.५, म्हणजे ३.५. मागच्या क्रॉसवर ८ वजा २, म्हणजे ६.

क्रॉस वाकून फिरतो तेव्हा पलीकडचा शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरत नाही, प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. मधल्या क्रॉसने घातलेली ही चलबिचल मागच्या क्रॉसने उलटी करून खोडायची असते, आणि ते दोन्ही कोन जवळजवळ सारखे असले तरच जमतं. फरक १ अंशाच्या आत आणि प्रत्येक कोन शक्यतो ३ अंशांच्या आसपास, हे लक्ष्य. तुमचा फरक २.५ आहे. म्हणून थरथर, आणि ॲक्सिलरेटर दिल्यावर जास्त, कारण तेव्हा शाफ्टवर भार असतो.

पिनियनचं तोंड वर करायचं. पूर्ण जुळवायला २.५ अंश लागतात, पण २ अंशांची पाचर घ्या. पाटे भारात पिळतात आणि गाडी ओढताना पिनियनचं तोंड आपणच वर उचललं जातं, तेवढी सूट ठेवावी लागते. तुमच्याकडे पाटा ॲक्सलच्या वर आहे, तेव्हा पाचरीची जाड बाजू गाडीच्या मागच्या दिशेला येईल. उलटी लावली तर फरक ४.५ वर जाईल आणि पहिल्याच गिअरमध्ये कळेल. पाचर स्टीलची घ्या, ॲल्युमिनियमची दाबाखाली चेपते आणि यू-बोल्ट परत सैल होतात. पाचर ब्लॉक आणि ॲक्सलच्या पॅडमध्ये बसते. तिच्या भोकातून ब्लॉकची खुंटी खाली पॅडमध्ये पुरेशी उतरते का, हे जोडण्याआधी हाताने बसवून पाहा. नसेल उतरत तर लांब खुंटीचा ब्लॉक लागेल. आणि हो, यू-बोल्ट परत नवे. आताच बदललेत हे कळतं, तरी पूर्ण ताणलेले परत वापरू नका.

दुसरा मार्ग सेंटर बेअरिंग खाली घ्यायचा. त्याने मागचा शाफ्ट सरळ होतो, पण पुढच्या क्रॉसवरचा आत्ता छान असलेला १ अंश वाढतो. तुमच्या आकड्यांत पाचरच योग्य.

डाल्यात नेहमी जेवढा भार असतो तेवढा ठेवून कोन पुन्हा मोजा. रिकाम्या गाडीत जुळवलेले कोन ३०० किलो टाकल्यावर तसे राहत नाहीत. आणि मागच्या शाफ्टच्या सरकत्या स्प्लाइनला (खाचांच्या जोडाला) ग्रीसचं निपल असेल तर ग्रीस भरा. कोरडी स्प्लाइन अडकते आणि निघताना ठोका देते, तो यू-बोल्टच्या धप्पसारखाच ऐकू येतो.

---

टॉर्कपाना

आवाज गेला तरी चिखलदऱ्याआधी एवढं कराच.

मागच्या ॲक्सलपासून चेसिसवरच्या ब्रेक व्हॉल्वला जाणारी सळई आहे का पाहा. असेल, तर ती मागच्या भाराप्रमाणे मागच्या ब्रेकचा दाब ठरवते. लिफ्टने चेसिस वर गेली की व्हॉल्वला गाडी रिकामी आहे असं वाटतं आणि मागचा ब्रेक कमी लागतो. घाटात उतरताना सगळा भार पुढच्या डिस्कवर येईल. सळईची कंस-पट्टी ब्लॉकच्या उंचीइतकी वर घ्यावी लागते. हे काम ब्रेकचा दाब मोजता येईल अशा ठिकाणीच करून घ्या.

मागची चेसिस घोड्यांवर घेऊन ॲक्सल पूर्ण लोंबकळू द्या. ब्रेक होस आणि एबीएसची वायर ताणली जाते का पाहा. होसला त्या स्थितीतही थोडा झोल हवा. तुमचे मागचे शॉकअप जुन्याच लांबीचे आहेत, म्हणजे ३८ मिमी खाली जाण्याचं अंतर कमी झालंय. मोठ्या खड्ड्यात मागून ठोका आला तर तो शॉकअप पूर्ण ताणल्याचा. तेव्हा लांब शॉकअप घेणं योग्य, आज नाही.

अलाइनमेंटला नेताना तिथल्या माणसाला सांगा की कॅस्टर दोन्हीकडे सारखा हवा, नुसता टो (चाकांची तोंडं आत-बाहेर किती) बघून सोडू नका. हेडलाइट खाली करून घ्या. पुढची वाढ मागच्यापेक्षा ६ मिमी जास्त आहे, प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दल (गाडीतल्या बदलांबद्दल) आरटीओत विचारून घ्या, अपघात झाल्यावर हा मुद्दा निघतो.

पाचर बसवल्यावर प्रत्येक यू-बोल्टच्या नटावरून पट्टीपर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ मारा, आर्मच्या बोल्टवर आणि स्पेसरच्या नटांवरही. ५० ते १०० किमीला टॉर्क पाना लावा, मग ५०० ला, मग १००० ला. नागपूर ते चिखलदरा एका बाजूने दोनशे किमीच्या वर जातं, म्हणजे पहिला टॉर्क निघण्याआधी रिंग रोडला फेऱ्या मारून इथेच उरका. दुसऱ्या दिवशी सकाळी मुक्कामी फक्त रेघा बघायच्या. एखादी तुटलेली दिसली तर तो नट परत आवळा, आणि ५० किमीत तीच रेघ पुन्हा तुटली तर ब्लॉक बसलेला नाही असं समजा.

---

संत्रानगरी_पिकअप

२ अंशांची पाचर आणि लांब खुंटीचे ब्लॉक मिळाले, यू-बोल्ट नवे. पाचरीची जाड बाजू मागे. डाल्यात नेहमीचा भार ठेवून मोजलं: पुढचा शाफ्ट ४.५, मागचा ७.५, पिनियन ४. म्हणजे मधल्या क्रॉसवर ३ आणि मागच्यावर ३.५. थरथर गेली.

ब्रेकची सळई सापडली, अंतर जुळवून घेतलं. ८० किमीनंतर पाना लावला, उजवीकडचा पुढचा एक नट जेमतेम आठवा हिस्सा फिरला, बाकी सगळे जागच्या जागी. रेघ नवी मारली आहे. पुढचा टॉर्क ५०० ला.

---

पाटाकमान

आठवा हिस्सा चालतो, नव्या ब्लॉकचा रंग दबतो तेवढा. पण ५०० ला तोच नट परत फिरला तर इथे लिहा.